ताशाच्या काड्या माझ्याकडे आहेत

अहो,

झोपला होतात म्हणून उठवलं नाही. ओवीला घेऊन सायखेड्याला आईकडे जातेय. डाळभात झाकून ठेवलाय. कुकर लावू नका, शिट्टी तुम्हाला कळत नाही.

ताशाच्या काड्या कपाटात शोधू नका, माझ्या पिशवीत आहेत. अकरा वाजता कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. तपासणी करा, मग काड्या न्यायला या. पथकातली पोरं हसतात म्हणून सरावाला कानात बोळे घालत नाही तुम्ही. हसू द्या की! मी कुठे म्हणतेय ताशा सोडा? म्हातारे झालात तरी वाजवा, पण तेव्हा तुम्हालाही ऐकू यायला हवा ना तो!

काल बाथरूमची कडी अडकली आणि पोर आत राहिली. मी कामावरून येऊन धक्का मारून दार उघडलं, तेव्हा तुम्ही बाहेर हॉलमध्येच बसला होतात. वर माझ्यावरच खेकसलात, "ती ओरडलीच नाही, मग मला कसं कळणार?"

खरं आहे तुमचं. ती ओरडलीच नव्हती. हाक मारली तरी तुम्ही वळत नाही, म्हणून ती आधी तुमचा शर्ट ओढते आणि मग बोलते. हे लक्षात तरी आलंय का तुमच्या? रात्री थोपटताना मी तिला विचारलं, "बाबांना हाक का नाही मारलीस गं?"

तर म्हणाली, "बाबांचा शर्ट बाहेर होता ना."