हस्ताचा पाऊस आणि मार्गारेटबाईंचा उन्हाळा

२८ ऑगस्ट
मार्गारेटबाईंचं पत्र. सोळा दिवस लागले. इंग्लंडचा उन्हाळा यंदाही नापास! मंगळवारी आला, गुरुवारी गेला, असं लिहितात. ऑगस्टात स्वेटर घालून बसल्यात. भाचीला घेऊन समुद्रावर गेल्या तर धो धो पाऊस. मग मोटारीच्या काचा लावून आतच डबे खाल्ले. किनाऱ्यावर ओळीनं मोटारी उभ्या, प्रत्येकीत एक कुटुंब बसून पाऊस बघतंय, पण घरी कोणी जाईना. मी इतकी हसले की माझ्या खोलीत राहणाऱ्या कांतानं वाचन थांबवून विचारलं, काय झालं.

तीन वर्षं झाली या पत्रांना. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मासिकात पत्ता बघून भीत भीत लिहिलं होतं. बाई निवृत्त शिक्षिका. परसात पर्जन्यमापक, आणि तीस वर्षांची वही. लहानपणी उन्हाळे चांगले असायचे असं त्यांना पक्कं वाटतं. पण वही काढून बघितली तर तेव्हाही असेच रडके. हे स्वतःच कळवतात. म्हणून आवडतात मला.

आपलं: पा. शून्य. सलग अकरावा दिवस. त्या पावसावर रुसल्यात, आम्ही पावसासाठी.

२ सप्टेंबर
पगारातून दुसरा थर्मामीटर घेतला. आता जोडी झाली. एक कोरडा; दुसऱ्याच्या बुडाला मलमलीची वात, वातीचं टोक पाण्यात. वातीतलं पाणी उडतं तसा तो थर्मामीटर गार पडतो. दोघांत फरक जास्त तर हवा कोरडी, फरक कमी तर हवेत पाणी. पाण्यासाठी कांताची निळ्या काचेची रिकामी दौत घेतली. गच्चीच्या दाराशी, सावलीत टांगलं. को. २९, ओ. २४.

कंपनीत असलं यंत्र आहे, पण काय उपयोग? औषधाच्या गोळ्यांना दमट हवा चालत नाही म्हणून आमच्या खोलीत मशीननं सुकवलेली हवा. वाळूजला रोज दहा तास बसते आणि बाहेर आभाळ आलं का, ते बसमध्ये कळतं.

घरमालकीण खालाजान वर आल्या, बघितलं. "बेटी, इसको बोल, कल पापड डालूं क्या?" म्हटलं, डालो. 

३ सप्टेंबर
पापड छान वाळले. चार आम्हाला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
सुट्टी. सकाळच्या पॅसेंजरनं लासूर स्टेशन, तिथून वस्तीवर चालत. आईला पत्र वाचून दाखवलं. "ऊन पायजे व्हय त्यांना? पोत्यानं न्या म्हणावं." आबा मेंढरांकडून आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "तिकडं मेंढरं हायत का?"
"आहेत की. लई."
"मंग इतक्या पावसात कातरत्यात कवा?"
हा प्रश्न तीन वर्षांत मला सुचला नव्हता. लगेच बसून पत्र लिहिलं.

पत्राच्या शेवटी बाईंनी शरद येत असल्याचं लिहिलंय. तारेवर पाखरं जमायला लागली, कुंपणावरची फळं लाल झाली. यंदा लवकर येतोय म्हणतात. (दर वर्षी म्हणतात.) आईला समजावून सांगितलं की त्या दिवसांत तिकडं झाडांची पानं गळतात. आई म्हणाली, पानं तर शिमग्याला गळतात. आपल्याकडं पावसानंतर पुन्हा ऊनच. त्याला कोणी पत्रात लिहिण्यासारखं नाव ठेवलं नाही.

२० सप्टेंबर
उत्तरा कोरडी चालली. पा. दोन मिमी. तेही उशिरा घरी येऊन मोजलं, तोवर थोडं उडालं असणार. म्हणजे अडीच असेल.

कांता रात्रंदिवस फलकांच्या मागं. पुढच्या आठवड्यात नामांतरासाठी मोर्चा. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव होऊन किती वर्षं झाली आणि अजून ती एम.ए.च्या अर्जावर जुनंच नाव लिहिते. म्हणाली, "तुम्ही हवामानवाले सरासरी काढता ना? आमच्या वाट बघण्याची काढून दे." मी दोन फलक रंगवले. अक्षर माझं बरं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
को. २७, ओ. २७!! फरक नाही. म्हणजे हवा पाण्यानं गच्च. संध्याकाळी सहाला पुन्हा: २९, २९. आभाळ निरभ्र आहे, पण हवेला आधीच कळतं. परवापासून हस्त. पाऊस येणार, मोठा येणार. आणि रविवारी आबांची कातरणी!

२६ सप्टेंबर, शुक्रवार
पहिल्या गाडीनं घरी.

आमच्यात कातरणी पाळीनं. सगळी वस्ती मिळून एकाची मेंढरं कातरते, मग दुसऱ्याची. ज्याची पाळी त्याच्याकडं जेवण. पाळी सोडली की सगळ्यांच्या शेवटी जायचं, आणि वर लोक बोलतात. कातरलेल्या मेंढरावर पाऊस पडला तर ते गारठून मरतं. म्हणून सगळे आभाळ बघून बसलेले.

सोपानमामा ओट्यावर पंचांग घेऊन. "हस्ताचं वाहन कोल्हा हाय. पडत नाय." मी म्हटलं, मामा, चार दिवसांत पडणार.
"तुला कोण बोललं? ती इंग्रजीण?"
सगळे हसले. आबा हसले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सोपान, माझी पाळी तू घे. मी मागनं बघतो."

एवढं सोपं होतं ते! आबांनी आजवर पाळी सोडलेली नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मोठ्यानं गाणं म्हणावंसं वाटत होतं. समोर एक बाई होती म्हणून नाही म्हटलं.

२७ सप्टेंबर
काय लिहू.

सकाळी दौतीत पाणी घालायला गेले, तर दौत रिकामी. खडखडीत. वात वाळून पापडासारखी कडक. कांता म्हणाली, "अगं, बुधवारी संध्याकाळी फलकाला शाई कालवायला घेतली मी. धुऊन जागेवर ठेवली की." धुऊन ठेवली. भरून नाही. काच निळी, पाणी आहे की नाही बाहेरून दिसत नाही.

कोरडी वात म्हणजे दोन्ही थर्मामीटर कोरडेच. मग आकडे सारखे येणारच! लख्ख उन्हात, संध्याकाळी सहाला, हवा गच्च कशी असेल? मला पास कुणी केलं?

वात भिजवली. अर्ध्या तासात: को. २८, ओ. २१. कोरडी ठणठणीत हवा.

कांता फार ओशाळली. मी तिच्यावर रागावले नाही, रागवायला जागाच नव्हती. दौत तिचीच. तपासायचं काम माझं.

२८ सप्टेंबर
आज सोपानमामांची कातरणी झाली असेल, आबांच्या दिवशी. मला सुट्टी शुक्रवारीच, आधी जाऊन सांगता आलं नाही. इथं ऊन. पा. शून्य. खालाजाननं विचारलं, पापड? म्हटलं, मला विचारू नका.

३० सप्टेंबर
दुपारी चारला वाळूजहून निघताना पूर्वेकडून काळं आलं. सव्वाचारला बसच्या काचांवर पाणी. उतरेपर्यंत रस्त्याचा ओढा. घरी येऊन मोजलं: एक्काहत्तर मिमी!

कांता ओरडली, "आला की तुझा पाऊस!"
माझा नाही. हा आपला आपण आला. आनंद झाला आणि लाज वाटली, दोन्ही एकदम. आणि मामांची मेंढरं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
मामांची म्हातारी मेंढी गेली. एकच. बाकीची सगळ्यांनी मिळून घरांत घेतली. स्वयंपाकघरापर्यंत मेंढरं, अंगावर पोती, घोंगड्या. आईनं आपल्या अंगावरची घोंगडी दिली. तीन दिवस वस्तीला मेंढरांचा वास आणि सगळे हसतायत, कारण मामी म्हणाली की एक कोकरू तिच्या अंथरुणात झोपलं आणि मामांना बाहेर झोपावं लागलं.

मी गेले तर बायका दारात उभ्या. "आली गं पाऊसवाली!" आबांच्या डोक्याला नवा पटका होता.

मग मामा आले. त्यांनी ओट्यावर बसून सगळ्यांसमोर सांगितलं, "मी ऐकलं नाय. पोरीनं सांगितलं हुतं. शिकल्यावर कळतं, हे आज पटलं." आणि: रुक्मीला शाळेत घालतो. रुक्मी त्यांची तेरा वर्षांची मुलगी. सातवी पास होऊन जूनपासून घरी बसलेली, कारण पुढची शाळा लासूर स्टेशनला. मी चार महिने मामांच्या मागं होते. हेडमास्तर दिवाळीनंतरच्या सत्रात घेतो म्हणालेत. फॉर्म माझ्या पिशवीतच होता. मामा म्हणाले, दहा तारखेला अंगठा देतो, तुझ्या बापाच्या कातरणीला.

रुक्मी दाराआडून बघत होती. तिचं तोंड बघून मी दौतीचं सांगितलं नाही. 

मग सगळ्यांनी विचारलं, दहा तारीख बरी का? म्हटलं, बरी असेल. पहिल्यांदाच "असेल" म्हटलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

५ ऑक्टोबर
मामांना दौतीचं सांगू नकोस, असंच कांता म्हणेल. असं मला वाटलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "रुक्मीची शाळा म्हणजे तुझ्या पावसाचं बक्षीस आहे का? पाऊस चुकला असता तर ती शाळेत नको होती?"
"पण मामा काढून घेतील."
"घेतील कदाचित. मग भांडू. मी येते."
ती येईलसुद्धा. मोर्चात पोलिसांची काठी हातावर बसलीय तरी डाव्या हातानं जेवत होती आणि पहिल्या रांगेत होते म्हणून सांगत होती.

मला हे सगळं पटतं. न सांगता चालेल का? पुढच्या वर्षी पुन्हा विचारतील. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. एखाद्या वर्षी माझ्या शब्दावर कुणाची साठ मेंढरं...

७ ऑक्टोबर
बाईंचं उत्तर, यावेळी लवकर. आबांच्या प्रश्नानं खूश झाल्या! तिकडं कातरणी उन्हाळ्यातच, पण ओलं मेंढरू कातरता येत नाही. म्हणून यंदा शेजारचा मेंढपाळ तीनदा मेंढरं आणून तीनदा परत घेऊन गेला. एकदा तर बाईंनीच त्याला सांगितलं होतं की उद्या ऊन आहे. चुकलं. वहीत असले अंदाज त्या लाल शाईनं लिहितात, आणि यंदाचं पान गोवर आलेल्या पोरासारखं दिसतंय म्हणतात. त्या मेंढपाळानं अजून बोलणं सोडलेलं नाही. फक्त उद्याचं विचारत नाही.

शरद आलाय. सकाळी धुकं. पर्जन्यमापकात पानं पडतात, रोज काढावी लागतात.

माझ्या वहीत २५ सप्टेंबरच्या ओळीवर लाल रेघ मारली. कांताच्याच शाईनं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. परतीच्या गाडीत, अक्षर हलतंय
पोचले तेव्हा मेंढरं आदल्या दिवशी धुऊन वाळलेली, स्वच्छ. कातरींचा आवाज सुरू व्हायचा होता. आधी आबांना गाठलं, गोठ्यामागं. सगळं सांगितलं, दौतीसकट. 

"पण पाऊस आलाच की."
"आला. मला कळला नव्हता."
त्यांनी कातरीची धार अंगठ्यानं बघितली. "म्हंजी माझी पाळी मी कोरड्या बाटलीपायी सोडली?"
"व्हय."
मग हसायलाच लागले. इतके हसले की आई बघायला आली. डोळे पुसून म्हणाले, "सोपानला सांगणार?"
"सांगते."
"माझी चांगली मेंढरं हुईपर्यंत थांब. नायतर तुझ्या बोलण्यानं कातर चुकंल त्याची."

मी थांबले. पण दुपारचं जेवण झाल्यावर मामा आपणहून म्हणाले, आण तो कागद. सगळी वस्ती बसलेली. मामांच्या मांडीखाली अर्धं कातरलेलं मेंढरू. मी उभी राहिले आणि सांगितलं. वात कशी असते, कशी वाळली, मी कशी बघितली नाही. आबांची मेंढरं वाचली ती माझ्या चुकीनं, आणि मामांची म्हातारी मेंढी गेली तीही त्याच चुकीनं. आणि रुक्मीनं शाळेत जावं ते पावसासाठी नाही. ते तसंही जायलाच पाहिजे.

कातरी थांबल्या. मामांनी विचारलं, "मंग कालेजात काय शिकवत्यात? चुकायला?"
गाडीत बसल्यापासून चार उत्तरं सुचलीत.
मामी म्हणाली, "निदान खोटं बोलायला नाय शिकवलं."
"तू गप."

मामांनी ते मेंढरू पूर्ण केलं. सावकाश, पोटाखालून, एकही ओरखडा नाही. सोडून दिलं. ते उडी मारून पळालं आणि पोरं हसली. मग मामांनी हात झटकले, फॉर्म माझ्या हातातून घेतला, उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. अंगठ्याची शाई आबांनी पुढं केली होती. ती घेतली नाही. कागदाच्या चार घड्या केल्या, पटक्याच्या आत खोचला, आणि पुढचं मेंढरू ओढलं.

रुक्मी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिनं बघितलं. तिनं मला बघतानाही बघितलं.

निघताना मामांच्या वाट्याची अजून चार मेंढरं बाकी होती. कागद पटक्यातच.