दुसरी टाकी लाव

माय, तुझ्या नातीच्या आकाशगंगेत गॅस कमी पडतोय. उन्हाळ्यात एका रविवारी तिनेच फोनवर सांगितलं. परदेशात एकटी राहते माझी पोरगी, स्वयंपाक कशावर करत असेल? मी म्हणालो, "मग दुसरी टाकी लाव ना बाई." ती इतकी हसली की बराच वेळ तिला बोलताच येईना. "नाना, हायड्रोजन! शेगडीचा नाही!"

त्याआधी कित्येक महिने आमचं बोलणं 'जेवलात का, गोळी घेतली का' एवढ्यावरच संपायचं. त्या दिवशी मात्र ती समजावत बसली. फार लांबच्या आकाशगंगेत एखादा मोठा तारा फुटतो. त्याचा उजेड तिथल्या गॅसमधून वाट काढत आपल्याकडे येतो, आणि गॅस त्यातला थोडा गिळतो. किती गिळला, त्यावरून गॅस किती ते कळतं. ती संगणकात तशाच आकाशगंगा रचते, त्यांत तारे फोडते आणि खऱ्यांशी ताडून बघते. तिने रचलेल्यांत गॅस कमी भरतो. मी सातवीतून शाळा सोडलेला, तरी एवढं समजलं.

घरात आता मी एकटाच. एरंडोलच्या घरी गॅसची नवी शेगडी आली तेव्हाची तू आठवतेस. मी अंगणात खाटेवर चार माणसांत बसलेला, आणि आतून मला तुझी हाक येते, "भाऊ, गॅस बंद शे ना रे?" मी चिडून आत येतो, बटण दाखवतो. "बंद शे, माय! कितला डाव सांगू?" "बठ्ठं घर जळी जाई, मंग समजी तुले," म्हणत तू मला पाटावर बसवतेस आणि हातावर गूळ-शेंगदाणे ठेवतेस. रोज संध्याकाळी हेच.

आता दर रविवारी मी विचारतो, "का गं, टाकी पुरली का?" ती हसत "नाना, तुम्ही ना!" म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मला सगळं पाठ झालंय. भीती एवढीच वाटते, की एखाद्या रविवारी तोंडून चुकून बरोबर काहीतरी निघून जाईल.

हा कागद तिच्या हाती लागता कामा नये. माय, बटण बंद आहे हे तुलाही दिसत होतं ना?