पिशवीतून बाहेर न आलेले रीळ

मी, ऑगस्टीन पास्कल मिरांडा, वय वर्षे ७६, राहणार मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व, साकीनाक्याच्या गाळ्यात चाळीस वर्षे लेथ चालवून आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डावा गुडघा नाही, पण कायद्याला त्याचे काही नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही; ते आणू शकणारी एकच व्यक्ती, माझी बायको विनी, जाऊन सहा वर्षे झाली. मजकूर तपासून देण्याचे काम ॲडव्होकेट गंधाली सबनीस करते आहे. ती माझा जुना मित्र विद्याधर याची मुलगी. त्याच्याविषयी पुढे लिहितो.

१. राहते घर मुलगी बेव्हर्ली हिला. बँकेत जे असेल ते टोरंटोला असलेला मुलगा मेलरॉय याला. दोघांशी बोलणे झाले आहे, दोघे राजी आहेत, तेव्हा नातेवाइकांनी अंगणात उभे राहून सल्ले देऊ नयेत.

२. लेथ आणि सगळी हत्यारे शेजारच्या गाळ्यातल्या चंद्रप्रकाशला. मी घरी बसल्यापासून तोच तो चालवतो आहे. लेथ जागचा हलवू नये.

३. शेंडा मोडलेली गळाची काठी धाकटा भाऊ ॲड्रियन याला. १९९८ साली ती त्यानेच मोडली आणि मांजरावर ढकलले. मांजर आता नाही, म्हणून तिच्या वतीने मी हे नोंदवून ठेवतो.

४. मेलरॉयने तिकडून पाठवलेली गळाच्या काठीची तीन रिळे खोक्यांतच आहेत. बेव्हर्लीला नदीवर गळाचा तरंगता फ्लोट सोडून मासे धरायला शिकायचे आहे. तिने त्यांतले एक निवडावे, बाकीची वाटून टाकावीत. निवडताना दुकानदाराला विचारू नये, तो चकाकणारे देतो. वाहत्या पाण्यात फ्लोट पाण्याच्याच चालीने गेला पाहिजे. तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, अडली की फ्लोट थबकतो, आणि थबकलेल्या फ्लोटखालचे आमिष मासा तोंडात घेत नाही. जवळच्या धारेत म्हणून साधे, उघड्या चाकाचे रीळ बरे. प्रवाह स्वतःच ते फिरवतो, आपण कडेवर अंगठा ठेवायचा. चाकाला बोटाने एक झटका द्यावा आणि मनात ‘नमो मारिया’ ही प्रार्थना म्हणावी. ती पूर्ण व्हायच्या आत चाक थांबले तर ते रीळ परत खोक्यात. तेल शिवणयंत्राचे, एकच थेंब. ग्रीस कधीही नाही.

लांबच्या काठाशी फ्लोट टाकायचा असेल किंवा वारा आडवा असेल, तर मात्र ज्याची तंगूस वेटोळ्यांनी सुटते ते दुसऱ्या प्रकारचे रीळच चांगले. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षे लागली. कारण पुढच्या कलमात आहे.

५. माझ्या कपाटात, खालच्या खणात, विनीच्या जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले पितळी रीळ विद्याधर मोरेश्वर सबनीस, राहणार घाटकोपर पूर्व, याला द्यावे.

विद्याधर विमा कंपनीत होता. वीस वर्षे आम्ही दर रविवारी वांगणीला उल्हास नदीवर जायचो. तो मासे खात नसे, धरून सोडून द्यायचा. मी नेलेल्या माशांचे कालवण खाताना विनी त्याच्या नावाने हळहळायची. २०१३च्या डिसेंबरात तो निवृत्त झाला. त्याला नवे रीळ घ्यायचे होते आणि मी थांब म्हणत होतो, कारण रोज संध्याकाळी गाळा बंद झाल्यावर मी त्याच्यासाठी एक घडवत होतो. तीन महिने लागले. तयार झाले त्या रविवारी ते माझ्या पिशवीत होते. तो आला तो नवे कोरे विकतचे, तंगूस वेटोळ्यांनी सोडणारे रीळ लावूनच.

मी चारचौघांत म्हणालो की हे खेळणे आहे, नातवाला दे. त्या दिवशी वारा आडवा होता आणि मासे पलीकडच्या काठाशी होते. त्याला दोन रोहू लागले. माझी तंगूस तीनदा गुंतली. तरी मी बोलतच राहिलो. शेवटी त्याने सामान आवरले आणि मला विचारले, “तुला माझं रीळ आवडलं नाही, का मी तुला न विचारता घेतलं ते आवडलं नाही?”

मी पुन्हा गळ टाकला. पिशवी उघडली नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही. विनी गेली तेव्हा तो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून गेला. हे मला नंतर बेव्हर्लीने सांगितले. मला फार वाईट वाटले. विद्याधर, तुझ्या प्रश्नाचे उत्तर दुसरे आहे: तू मला न विचारता घेतलेस ते. तुझे रीळ बरोबर होते.

६. येथवर लिहून मी गंधालीला दाखवले. साक्षीदार म्हणून मला विद्याधरच हवा होता, म्हणजे त्या निमित्ताने तो घरी तरी येईल. ती म्हणाली, “काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. बाबांची सही हवी का बाबांना रीळ द्यायचंय, ते ठरवा.” मग त्याच्या बायकोच्या, कुंदावहिनींच्या नावावर करतो म्हटले, तर साक्षीदाराच्या बायकोलाही चालत नाही म्हणे. कायदा करणाऱ्याने आम्हाला ओळखूनच तो केला असावा. मी तिला सांगितले की हे कागद बाबांना वाचून दाखव आणि काय हवे ते त्यालाच ठरवू दे.

दोन दिवस काही कळले नाही. मला झोप लागली नाही. काल तिचा फोन आला, निरोप त्याच्याच शब्दांत: “सही करायला येतो. ऑगस्टीन गेल्यावर मिळालेलं रीळ चालवायला मला शिकवणार कोण?”

म्हणून कलम ५ मधली देणगी मी रद्द करतो. मजकूर राहू द्यावा. ते रीळ आज, जिवंतपणी, माझ्या हाताने दिले आहे आणि ते माझ्या मालमत्तेत धरू नये.

७. अंमलबजावणी गंधालीने करावी. मला विनीशेजारी ठेवावे. रविवार असेल तर विद्याधरला आधी विचारावे, तो नदीवर असेल.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत मी सही करीत आहे.

ऑगस्टीन पास्कल मिरांडा
मरोळ गावठाण, शनिवार, दि. १८ जानेवारी २०२५

आमच्यासमक्ष सही झाली व आम्हीही त्यांच्यासमक्ष सही केली:

साक्षीदार १: जेनिस कोरिया, शेजारीण, मरोळ गावठाण

साक्षीदार २: विद्याधर मोरेश्वर सबनीस, घाटकोपर पूर्व
(रीळ मिळाले. घड्याळ लावून मोजले. एका झटक्यात एक मिनिट बावन्न सेकंद फिरते. ऑगस्टीन दोन मिनिटे म्हणतो. उद्या नदीवर पुन्हा मोजू.)