चारचौघांत लेकरू घेणारा बाप

३ डिसेंबर १९८७, जालना

आज दिवसभर घनसावंगीच्या बाजारातले फुटाणे आठवत होते. मी पाच-सहा वर्षांचा असेन. काकासाहेब मला बाजाराला नेत. (आमच्या वडिलांना सगळं गाव काकासाहेब म्हणतं, म्हणून आम्हीही.) खरेदी आटोपली की हॉटेलच्या रेडिओसमोर आम्ही दोघं उभे. आत जायचं नाही, नुसतं गाणं ऐकायचं. एका पुडीतले फुटाणे दोघांत. गाणं संपलं की ते मला खांद्यावर घेत आणि गावाच्या शिवेपर्यंत तसेच चालत. शीव आली की खाली उतरवत आणि चार पावलं पुढे निघून जात, जणू मागून येणारं हे पोरगं कोणाचं कोण जाणे! कारण पारावर आजोबा बसलेले असत. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

हे आठवायचं कारण, आज मीच बाप झालो. मुलगी. केदारखेड्याला, नंदाच्या माहेरी. भोकरदनच्या बसच्या कंडक्टरने ऑफिसात येऊन निरोप दिला. दोघी खुशाल.

मागच्या पिढीचं मागासलेपण माझ्यापाशी संपलं. मी मुलीला चारचौघांत उचलून घेणार. काकासाहेबांसमोर घेणार. वेळ आली तर पारावर घेणार. शिवाय तिच्या कानावर जन्मापासून उत्तम संगीत पडेल. आणि फोटोंचा अल्बम. माझा लहानपणीचा एकही फोटो नाही. तिला असं म्हणायची वेळ येणार नाही.

६ डिसेंबर, रविवार

केदारखेड्याला जाऊन आलो. मुलगी पाहिली. फार लहान असतात. कोणी आधी सांगत नाही.

ओसरीवर सासरे रामकिसनराव आणि त्यांच्या भावकीतले तीन-चार फेटेवाले बसलेले. सासूबाई झुंबरबाई बाळाला दारापर्यंत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घ्या जावईबापू, तुमचीच हाय. इकत न्हाई आणली." तेवढ्यात सासरे खोकले.

घेतली नाही. बसच्या धुळीने हात भरलेले होते. जंतूंचा प्रश्न असतो. हे मी सर्वांना समजावून सांगितलं. फेटेवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "बराबर हाय, शिकलेल्या मानसाला जंतू लई दिसतेत."

हात धुवायला रांजण होता. पण तोवर बसची वेळ झाली होती. बस नंतर एक तास उशिरा आली.

९ डिसेंबर

धरण्याचं तंत्र आलं पाहिजे. उगाच सर्वांसमोर फजिती नको. आमच्या बियाण्याच्या कंपनीत ज्वारीच्या पिशव्या असतात. वजन साधारण बाळाएवढंच. गोदामात दुपारी कोणी नसतं. डावा हात मानेखाली, उजवा पाठीखाली. पिशवीला मान नसते, तरी कल्पनेने जमतं.

आमचा शिपाई धर्मराज अचानक आत आला. पिशवीकडे बघत म्हणाला, "साहेब, पिशवीला ताप आलाय का? डॉक्टरला बलावू?"

मी म्हणालो, क्वालिटी चेक करतोय. तो म्हणाला, "मंग चालू द्या. ढेकर काढायला इसरू नका."

त्याला चार मुलं आहेत. या बाबतीत फार मोकळा माणूस. स्वतःच्या वडिलांसमोर मुलांना घेतोस का, असं सहज विचारलं. म्हणाला, "छ्या. तेवढी हिंमत असती तर इथं शिपाई कशाला राह्यलो असतो?"

चला, म्हणजे सगळ्या तालुक्यात पहिला मीच.

१२ डिसेंबर

कॅमेरा घेतला. सेकंडहँड, पण फ्लॅशसकट. परवा बारसं. काकासाहेब आणि आई गावाहून येणार. म्हणजे तोच दिवस. आधी मुलीला घ्यायचं, मग कोणाकडून तरी फोटो काढवून घ्यायचा. पुरावा राहील.

१४ डिसेंबर

बारसं थाटात झालं. नाव आसावरी. माझ्या आवडत्या रागावरून. माझी बहीण चांगुणा हिने आत्याच्या मानाने कानात नाव सांगितलं आणि पाठीत दणके खाल्ले. सासूबाई बारशाआधीपासून 'ठकी' म्हणतात. नंतरही म्हणत होत्या.

घेतलं का? नाही. कारण अगदी साधं आहे. गळ्यात कॅमेरा असताना बाळ घेणं धोक्याचं. लेन्स लागू शकते. नंदा जवळून जाताना हळूच म्हणाली, "अहो, तो गळ्यातला काढून ठेवा की." पण बायकांना फोटोग्राफीतलं काय कळणार? प्रकाश कधी चांगला मिळेल सांगता येत नाही.

फोटो मात्र बाळाचा एकही नाही. मी फ्लॅश लावला तशा सासूबाई पाळण्याला आडव्या झाल्या. "सव्वा म्हैन्याच्या आत फोटू? लेकरू वाळून जातंय. व्हा तिकडं, जल्दी!" मी प्रकाशाच्या किरणांबद्दल शास्त्रीय माहिती दिली. त्यांनी पाळण्यावर लुगडं टाकलं.

त्यामुळे पाळण्याचे फोटो काढले. लुगड्यासकट. शिवाय घुगऱ्यांची परात, सासऱ्यांचे फेटेवाले, दारातली म्हैस. म्हैस छान येईल. स्थिर उभी होती.

काकासाहेबांनी नातीला घेतलं. आजोबाने घेतलेलं चालतं. बराच वेळ मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे एकदोनदा बघितलं. मी फोकस करत होतो.

२० डिसेंबर

एक असामान्य कल्पना सुचली. मुलगी उन्हाळ्यापर्यंत माहेरीच राहणार. तोवर तिला बापाची ओळख कशी राहणार? उत्तर: टेपरेकॉर्डर!

नवीन कॅसेटवर माझं आवडतं संगीत भरायचं. सकाळची बासरी, सतारीवर आसावरी, सनई, शेवटी थोडी जुनी सिनेमातली गाणी. आणि प्रत्येकाच्या आधी माझा आवाज, रेडिओवरच्या निवेदकासारखा. कॉलेजात असताना माझ्या आवाजाचं कौतुक होतं. एका स्नेहसंमेलनात हरवलेल्या वस्तूंच्या सगळ्या घोषणा मीच केल्या होत्या.

रेकॉर्डिंग सुरू. "नमस्कार. आसावरी, मी तुझा बाबा बोलतो आहे. आता आपण ऐकू या बासरी."

दोनदा पुन्हा करावं लागलं. 'तुझा बाबा' म्हणताना आवाज जरा घोगरा येतो. थंडीचे दिवस आहेत.

टेपरेकॉर्डर आणि कॅसेट कंडक्टरबरोबर पाठवले. समक्ष गेलो असतो, पण इयर एंडिंग आहे.

१० जानेवारी १९८८

नंदाचं पत्र. कॅसेट रोज संध्याकाळी लावतात. माझा आवाज आला की आसावरी रडायची थांबते!

धर्मराजला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वा साहेब. आता हप्त्यातून एकदा तोंड बी पाठवत जा."

त्याचा विनोद मला कळतो, पण यात त्याला तांत्रिक बाजू समजत नाही. हातात घेणं ही शेवटी एक शारीरिक क्रिया आहे. आवाज मनापर्यंत जातो.

सध्या इयर एंडिंगची उरलेली कामं.

१४ फेब्रुवारी

केदारखेड्याला गेलो. कानावर आली सनई, म्हणजे सनईची घोषणा. "आता आपण ऐकू या सनई," असं टेपमधला मी म्हणालो आणि पाठोपाठ टाळ-मृदंगासकट सासूबाईंचं भजन सुरू झालं.

चौकशी केली. सासूबाईंच्या भजनी मंडळाला आपला आवाज ऐकायचा होता आणि घरात दुसरी कॅसेट नव्हती. "तुमचं बोलनं न्हाई पुसलं जावईबापू," त्या म्हणाल्या. "ते ठकीला लागतंय. नुसतं ते पींपीं तेवढं काढलं."

संकल्पापैकी संगीताचा भाग तात्पुरता स्थगित.

मुलगी सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती. झोपलेल्या बाळाला उचलू नये असं एका पुस्तकात आहे. सासरे घरात नव्हते, ओसरी रिकामी होती, हेही नोंदवून ठेवतो. पण पुस्तक ते पुस्तक. बोटाने तिची टाच तेवढी पाहिली. पावासारखी आहे, ताज्या.

नंदा म्हणाली, "ती उठेपर्यंत थांबा की." थांबलो असतो.

३ एप्रिल

पत्र आलं. पुढच्या पंधरवड्यात सासूबाई दोघींना घेऊन थेट आमच्या गावी येणार. मीही रजा घेऊन जाणार. आई, काकासाहेब, भावकी, शेजार, सगळे असणार. म्हणजे उत्तमच. जेवढे जास्त लोक, तेवढा परिणाम मोठा. रोलमधले उरलेले फोटो त्या दिवसासाठी राखून ठेवले आहेत.

पिशवीवरची प्रॅक्टिस पुन्हा सुरू. आता मोठी पिशवी.

१७ एप्रिल, गावी

शांतपणे लिहितो.

जीप दारात आली. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. अंगणात अर्धं गाव. काकासाहेबांनी नातीला घेतलं आणि बाजेवर बसले. मी कॅमेरा घेऊन सज्ज. ओळीने सर्वांचे फोटो: काकासाहेब आणि आसावरी, आई आणि आसावरी, चांगुणा, सासूबाई, शेजारच्या गिरिजाबाई, त्यांची सून, जीपचा ड्रायव्हर. ड्रायव्हरनेसुद्धा घेतलं. ती कोणाकडेही जाते. गुणी आहे.

मग मी जवळ गेलो आणि माझ्या खास आवाजात म्हणालो, "नमस्कार, आसावरी."

तिने एकदम मान वळवली. चेहरा असा उजळला की अंगणात सगळे बघतच राहिले. आणि ती ओसरीवर सामानात ठेवलेल्या टेपरेकॉर्डरकडे बघून हसली.

मी पुन्हा म्हणालो. ती पुन्हा त्याच्याकडेच. दोन्ही हात लांब करून त्याच्याकडे झेपावू लागली.

सासूबाई म्हणाल्या, "ठके, बाप तिकडं न्हाई, हिकडं हाय!" हशा झाला. गिरिजाबाई म्हणाल्या, "बाप बंद पडला का काय बाई? शेल टाका नवे." पुन्हा हशा. नंदा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी रोल संपत आलाय का ते तपासलं.

एवढ्यात आसावरीने काकासाहेबांचं धोतर ओलं केलं. ते उठले आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मच्छिंद्रा, धर."

मी कॅमेरा पुढे केला. का केला, मला माहीत नाही. म्हणालो, एक मिनिट, आपला असाच एक फोटो घेऊ.

"फोटू ऱ्हाऊ दे. लेकरू धर."

मी म्हणालो, सगळे बघताहेत, आत जाऊन घेतो. हे मी म्हणालो. माझ्याच तोंडून गेलं. लिहून ठेवतो, कारण आता काही करता येत नाही.

काकासाहेब आणखी जवळ आले. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "शीव लई लांब राह्यली बाबा. माझे पाय दुखून राह्यले. इथंच घे."

त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यातून ओढून काढला आणि पोरगी माझ्या हातात दिली.

पिशवी आणि बाळ यांत काहीही साम्य नाही. पिशवी शर्टाची गुंडी धरत नाही.

ती रडू लागली, जोरात. नंदाने ओसरीवर जाऊन टेप लावला. "नमस्कार. आसावरी, मी तुझा बाबा बोलतो आहे." ती गप्प झाली आणि माझ्या हातातून त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मी तिला धरून उभा. टेपमध्ये भजन चालू झालं.

काकासाहेब कॅमेरा उलटसुलट करून बघत होते. चांगुणाला विचारलं, "कुठं दाबायचं हाय?" फ्लॅश उडाला. तो रोलमधला शेवटचा फोटो होता.

२४ एप्रिल, जालना

कचरूच्या स्टुडिओतून प्रिंट आले. कचरूने पाकीट देताना माझ्याकडे नीट पाहिलं नाही, तेव्हाच शंका आली.

बारशाचे बहुतेक सगळे हललेले. म्हैस खरोखरच उत्तम. गावचे ठीक. आसावरी प्रत्येकाच्या हातात आहे. एवढ्या फोटोंत मी फक्त एकात आहे, काकासाहेबांनी काढलेल्या. त्यात मला डोकं नाही. चौकट माझ्या गळ्याशी संपते. शर्ट आहे, गुंडी धरलेली मूठ आहे, माझे दोन हात आहेत. डावा मानेखाली, उजवा पाठीखाली. बराबर. आणि आसावरी चौकटीबाहेर कुठेतरी बघते आहे, जिथून माझा आवाज येत होता.

कचरू म्हणाला, "साहेब, हा फेकून देऊ का? ह्याचे पैसे धरत न्हाई."

नको म्हणालो. कॉप्यांबद्दल त्याला पुढीलप्रमाणे सांगून ठेवलं आहे. लिहून ठेवतो, विसर नको.

म्हशीचा फोटो सासऱ्यांना. मोठा करून, फ्रेमसकट. काकासाहेबांच्या मांडीवरचा आईला, आणि चांगुणाला तिचा एक. गिरिजाबाईंना हललेल्यांपैकी कोणताही चालेल. झुंबरबाईंना नातीबरोबरचा, आणि भजनासाठी दोन कोऱ्या कॅसेट. ती जुनी मात्र परत मागायची. ड्रायव्हरलाही त्याचा द्यावा. मागेपुढे न बघता घेणारा तो पहिला माणूस.

बिनडोक्याच्या फोटोच्या तीन कॉप्या. एक काकासाहेबांना, कारण तो त्यांचा आहे. ते विचारतील, डोकं कुठं गेलं? सांगायचं, शिवेवर. एक नंदाला. एक अल्बमच्या पहिल्या पानावर, आसावरीसाठी. मोठी झाल्यावर तिने विचारलं हा कोण, तर हात दाखवायचे.

टेपरेकॉर्डर तिच्या पाळण्याजवळ. रजेच्या दिवशी गावी जाऊन मी त्याच्या मागे बसायचं. मग हळूहळू थोडं बाजूला सरकायचं.