समिती पलीकडच्या काठावर

आई, तू गेलीस तेव्हा आपल्या ओढ्यावर साकव नव्हता. आता आहे, म्हणजे जवळजवळ आहे, आणि तेच तुला सांगायचंय. पावसाळ्यात तू वरच्या अंगानं केवढा वळसा घालून लोणावळ्याच्या सरकारी विश्रामगृहात भाकऱ्या थापायला जायचीस. अधिवेशन संपलं की तिथं आमदारांच्या समित्या यायच्या. सभागृहात एकमेकांवर ओरडणारी माणसं तुझ्या चुलीशेजारी एकाच वाटीतला ठेचा खायची. मी विचारलं, "अधिवेशन संपलं, मग ही हितं कशाला?" तू तव्यावरची नजर न काढता म्हणालीस, "मंत्री तितं करतो म्हणून बसतो. केलं का न्हाई ते बघाया कुणी नको व्हय? आन तू मिठाला गेलतास, मीठ कुटंय?" मीठ राहिलं होतं. वाटेत एक बैल उधळला होता, तो बघत बसलो. "ह्याला मिठाला धाडलं तर खंडाळ्याला निघतंय," तू सगळ्यांना सांगायचीस.

अजून तसाच आहे मी. शाळा सुटली, देहूरोडला हमाली केली, कोकणात बोटीवर राहिलो, आता भाड्याची गाडी चालवतो. गेल्या महिन्यात मंत्र्यांनी दिलेले शब्द पाळले का ते बघणारी आश्वासन समिती आली आणि आमदारांना फिरवायचं काम मला लागलं. आपल्या साकवाचा शब्द मंत्र्यांनी सभागृहात दिलेला, आणि खात्यानं काम पूर्ण म्हणून कळवलेलं. समितीनं मान डोलावली की विषय बंद, मग पुन्हा कोण विचारतंय! अलीकडून बघ, कठड्याला ताजा रंग. पलीकडं मात्र चढायला मातीचा भरावच नाही. साकव छातीएवढ्या उंचीवर संपतो, बायका गवताचे भारे घेऊन शिडीनं चढतात.

फाट्यावर अधिकाऱ्यांची जीप साकवाकडं वळली. मी सरळ गेलो, औंढ्याच्या अंगानं ओढ्याला वळसा घालून पलीकडं निघणारी जुनी गाडीवाट धरून. "अरे बाबा, कुठं नेतोयस?" मागून समितीप्रमुख म्हणाले. "चुकलो वाटतं, साहेब." गाडी थांबली ती शिडीपाशी. आपली शेजारची मावशी भारा घेऊन अर्ध्यावर चढलेली. मागं वळून म्हणते, "या की वर, लय सोपं हाय!" विरोधी पक्षाचे आमदार खरंच चढले, आणि सत्तेतल्या समितीप्रमुखांनी खाली उभं राहून शिडी धरली. तेवढ्यात अधिकारी साकवावरून पळत आले. "साहेब, भराव तेवढा राहिलाय."

"मग आश्वासनही राहिलंय," प्रमुख म्हणाले. शिडी अजून त्यांच्या हातातच होती.

विषय उघडा राहिला. खात्याच्या सचिवांना मुंबईला साक्षीला बोलावलंय, आणि साक्षीआधीच हितं मुरमाचे डंपर यायला लागलेत. पुढचं अधिवेशन लांब आहे. भराव त्याआधी होतो, बघ तू.

हे पत्र गाडीच्या कप्प्यातच राहील. वाडीत सगळे म्हणतात, भटक्याचं चुकणं एकदा तरी कामाला आलं. मी हसून घेतो. तुला म्हणून सांगतो, आई, मी चुकलो नव्हतो.