आत्याचे कान आणि निर्गुंडीचं तेल

सोमवार, ४ मार्च

तेल पुन्हा नासलं! आत्या विकते त्या सांधेदुखीच्या तेलाच्या बाटल्या एकापाठोपाठ एक परत येतायत. मास्तरीणबाई म्हणाल्या, "गुडघा राहू दे, आधी माझं नाक बरं करा." आत्या ढिम्म. उलट मलाच — "तूच बाटल्या नीट वाळवत नाहीस." मी!

मंगळवार, ५ मार्च

उलगडा झाला. निर्गुंडीचा पाला वाटायचा, रस गाळायचा, मग रस आणि थोडा वाटलेला पाला तिळाच्या तेलात घालून मंद आचेवर आटवायचं. पाणी पार उडालं पाहिजे, राहिलं की तेल नासलंच. ते कळावं म्हणून आत्या तळातला पाला चिमटीत घेऊन त्याची वात वळते आणि ज्योतीवर धरते. तडतडली तर पाणी आहे; गप्प जळली तर तेल तयार.

आज वात अशी तडतडली की खिडकीतलं मांजर उडी मारून पळालं. आत्या प्रसन्न चेहऱ्यानं म्हणते, "बघ, हूं की चूं नाही. उतरव!"

आत्याला ऐकूच येत नाही!!

बुधवार, ६ मार्च

"आत्या, कान दाखवू या."
"पानं? पानं धुतलीयत मी."
मग ओरडून सांगितलं. ते ऐकू आलं. आता माझ्याशी बोलत नाही.

शनिवार, ९ मार्च

आमचा पालेवाला हळू आवाजाचा, एकटा माणूस. वर्षानुवर्षं निर्गुंडी तोच आणतो. त्याला मी सगळं सांगितलं. त्यानं भारा खाली ठेवला, आत्याच्या कानाशी गेला आणि गरजला, "बाई, मी पाला औषधासाठी देतो, नासवायला नाही!" शेजारपाजारचे दारात आले. मला वाटलं, आता उलथनं उडणार.

आत्या म्हणाली, "ओरडता कशाला? डॉक्टरकडे कधी जायचं ते सांगा."

मी म्हटलं असतं तर कच्चं खाल्लं असतं मला.

सोमवार, ११ मार्च

कानाला यंत्र बसलं. "तू जेवताना एवढा आवाज करतेस?" — पहिलं वाक्य! कौतुक राहिलं बाजूला.

संध्याकाळी तिनं वात धरली. तडतड. तिचा चेहराच उतरला. मग फळीवरच्या सगळ्या बाटल्या स्वतः ओतून दिल्या. "लोकांनी विश्वासानं लावलं गं हे," एवढंच म्हणाली. मला रडूच आलं. बाटल्या दोघींनी मिळून धुतल्या.

बुधवार, २० मार्च

यंत्र खुपतं म्हणून आत्या पुन्हा डॉक्टरकडे. पालेवालाच नेतो. एवढंसं यंत्र, पण ते नीट करायला अख्खी दुपार जाते! चुलीपाशी मी एकटी. आज वात मीच ऐकली. गप्प जळली! तेल कसं स्वच्छ हिरवं उतरलंय!

गुरुवार, २५ एप्रिल

आत्या आणि पालेवाला दुपारी रजिस्टर लग्न करून आले!! "मला न नेता?" मी ओरडले. आत्या म्हणाली, "तुला नेणारच होते गं. पण चुलीवरचं तेल दुसऱ्या कुणाच्या भरवशावर टाकू?"