पीक संरक्षणाची बंदूक

बाबा, गेल्या महिन्यात मी अमेरिकेत, टेक्सासला, लेकीकडे राहून आलो. तिथे जावई मला बंदुकीच्या दुकानात घेऊन गेला, लेकही सोबत होती. पनवेलच्या दुकानांत नळ-पाइप मांडतात तशा भिंतभर बंदुका. त्याने एक फॉर्म भरला, दुकानदाराने कॉम्प्युटरवर काहीतरी तपासलं आणि थोड्याच वेळात आम्ही बंदूक घेऊन बाहेर. त्याचा भाऊ दुसऱ्या राज्यात राहतो, त्याला म्हणे आधी परवाना काढावा लागला. देश एकच, तरी असं. परत येताना जावयाने विचारलं, "तुमच्या बाबांकडेही होती ना एक? तिचं काय झालं?"

आपलं भाताचं शेत रानडुकरांपासून राखायला तुम्हाला सरकारने ठासणीच्या बंदुकीचा परवाना दिला होता. निवडणूक लागली की तुम्ही ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचात आणि पोलीस ठाण्यात जमा करायला चालत निघायचात. पावती टोपीत. "इस्वासानं दिलेली हाय," म्हणायचात, "मिरवायला नाय."

चुलतभावाच्या हळदीत मी तीच मिरवली. वीस वर्षांचा होतो, मित्र बघत होते, मी आभाळाकडे धरून बार काढला. कुणाला लागलं नाही. पण सकाळी पोलीस ठाण्यातले जमादार अंगणात आले. "बंदूक कोणी वाजवली?" मी दाराआड उभा होतो. तुम्ही पुढे झालात. "मीच, सायेब. जरा घेतली व्हती." आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला माणूस सगळ्या आळीसमोर हे बोलला, आणि मी दाराआडच राहिलो.

परवाना रद्द झाला, बंदूक गेली. त्या वर्षी डुकरांनी उभं पीक लोळवलं. तुम्ही पत्र्याचा डबा बडवत बांधावर फिरायचात. मी एकदाच धीर करून विचारलं, असं का सांगितलंत. "बंदरातल्या नोकरीसाठी तुजी पोलीस चौकशी व्हनार," तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात. "तुज्या नावावर काय नको." ती नोकरी मला लागली. तिच्यातूनच निवृत्त झालो, पनवेलला फ्लॅट घेतला, लेकीला शिकवलं.

आणि गाडीत मी जावयाला काय सांगितलं माहीत आहे? म्हणालो, "आमच्याकडचे कायदे फार कडक. सरकारनेच काढून घेतली." तो म्हणाला, "अन्यायच झाला की त्यांच्यावर." मी मान हलवली. मागच्या सीटवर लेक ऐकत होती. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर बघू लागलो. तुमच्यावर अन्याय झाला होता, पण तो कायद्याने केला नव्हता.

खरं तर हे सगळं तिला लिहायला हवं. दोनदा कागद घेऊन बसलो, तिच्या नावापुढे हात सरकला नाही. तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच तुम्हाला लिहू शकलो.